बंद वाटेचा दगड

१

शिवूच्या हातून वाटी सुटली. फरशीवर आपटून ती थांबली नाही. कडेवर गरगरत, आवाज बारीक करत करत शेवटी एकदाची निजली. काल संध्याकाळपासून या घराला वाचाच नव्हती.

"सांडलं," शिवू हळूच म्हणाली.

"सांडू दे," म्हणत तिच्या आईनं, शिवांजलीनं, वरण फडक्यानं टिपलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. उत्कर्षचं ताट तसंच पुढं होतं. भाकरीचा एक तुकडा मोडलेला, खाल्लेला नाही.

उत्कर्ष तेरखेड्याच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगरात पाहुण्यांना क्वाड बाइकवरून फिरवायचा. चार जाड टायरांची, बुटकी, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी ही गाडी पाहून गावानं तिला पहिल्याच दिवशी 'बेडूक' म्हटलं, आणि मग सगळेच बेडूक म्हणू लागले. बसवेश या लंगोटीयाराबरोबर त्यानं ते जुने बेडूक पुण्याकडून आणले होते. वाटा दोघांनी मिळून पाडल्या. पाहुण्यांना हेल्मेट घालणं, नियम सांगणं आणि परत आल्यावर पिठलं-भाकरी वाढणं हे शिवांजलीचं काम.

नियमांतला सगळ्यात सोपा नियम ती शेवटी सांगायची. "ज्या वाटेच्या तोंडाशी केशरी दगड दिसेल, ती वाट बंद. दुसरी धरायची." ट्रॅक्टरला मारून उरलेल्या रंगानं उत्कर्षनं स्वतः तो दगड रंगवला होता. डोंगरमाथ्यावर वाट फुटते. डावी तळ्याकडं उतरते, उजवी जुन्या मुरमाच्या खाणीत जाऊन संपते. दगड उजव्या वाटेच्या मधोमध असायचा.

काल, बुधवारी, उमरग्याचा शंभुलिंग नावाचा कॉलेजातला मुलगा सगळ्यांच्या पुढं गेला. मागं एकाचा बेडूक चिखलात रुतला म्हणून उत्कर्ष मागंच थांबलेला. शंभुलिंगला दगड दिसला, पण डाव्या वाटेवर. त्यानं नियम पाळला, उजवी वाट धरली आणि बेडकासकट खाणीत गेला. खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला.

"आहेत का घरात माणसं?" दारातून आवाज आला. शेजारच्या धुरपदाबाई, ओच्यात बोरं घेऊन. शिवू जन्मली तेव्हा तिला रोज न्हाऊमाखू घालायला याच यायच्या. "घे गं शिवे, डोंगरातली हायेत. अन् तुम्ही दोघं तोंडं पाडून का बसलाव? लेकरू वाचलं न्हवं? वर राखणदार बसलाय आता. कुणाच्या जिवाला काय बी होत न्हाय."

"बसा की मावशी," शिवांजली म्हणाली.

"बसायला कुठं येळ हाय माय, चुलीवर दूध ठिवलंय," म्हणत त्या बोरं ओतून निघूनही गेल्या.

मागोमाग फोन वाजला. शंभुलिंगचे वडील पंचाक्षरी, उमरग्यातले कापडाचे व्यापारी. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "उद्या दुपारी मी येतोय. दगड कुणी हलवला त्याचं नाव पायजे मला. नाव न्हाय दिलंत, तर तक्रार तुमच्या नावानं जाईल. मग तुमचं दुकान बंद."

उत्कर्षनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा ताटाकडं पाहिलं.

"नाव आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "बसवेश."

२

"तुम्ही शुद्धीवर आहात का?" शिवांजली म्हणाली.

"दगडाला ऑइल लागलंय. काळं, चिकट. म्या हात लावून बघितलंय. आपल्यात ऑइलात हात घालणारा कोण?"

हमरस्त्याला गॅरेज चालवणाऱ्या बसवेशला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तो सांगायला आला तेव्हा उत्कर्षनं त्याला चारचौघांत 'अर्ध्या वाटेवर सोडणारा' म्हटलं आणि त्यानंतर दोघं बोलत नव्हते.

"तक्रारीत नाव गेलं तर नोकरी जाईल त्याची."

"अन् नाव न्हाय दिलं तर आपलं पोट जाईल."

"उद्या दुपारपर्यंत तोंडातून नाव काढू नका. एवढं माझ्यासाठी."

त्यानं नाखुशीनं मान हलवली. तेवढ्यावर ती उठली. शिवू मागं राहीना, म्हणून तिला पुढ्यात घेतलं, ओढणीनं पोटाशी बांधलं, छोटं हेल्मेट चढवलं आणि बेडूक सुरू केला.

अंगठ्यानं गती द्यायची, चढ आला की अंग पुढं टाकायचं, मुरूम सरकला तरी हँडल घट्ट धरून ठेवायचं नाही. पाहुण्यांना रोज सांगायची ते आज ती स्वतःला सांगत होती. बेडूक माणसाच्या चालीनं वर निघाला. पानं गाळलेली सीताफळीची झुडपं दोन्ही बाजूंनी पायाला घासत होती. खाली ज्वारी हुरड्यात आलेली, तिच्यामध्ये करडईचे पिवळे पट्टे, आणि पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या.

"आई, बेडूक दमला का?"

"नाही गं. आई दमली."

माथ्यावर हवा थंड होती. दोन वाटा फुटतात तिथं तिनं गाडी बंद केली. उजव्या वाटेच्या मधोमध दगडाचा जुना खळगा मोकळा दिसत होता. दगड डाव्या वाटेच्या तोंडाशी, हिवराच्या झाडाखाली होता. घागरीएवढा, केशरी.

खळग्यापासून झाडापर्यंत ती वाकून चालत गेली. फरफटल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे उचलून नेला. झाडाखालची जागा साफ केलेली, काटे बाजूला सारलेले. दगड डगडगू नये म्हणून खाली बारीक चिपा सारलेल्या. भोवती तांबड्या मुंग्यांची रांग.

शिवूनं दोन्ही हात दगडावर ठेवले. "थंड आहे!" तळहात काळे चिकट झाले.

वाट चुकवायची असती तर दगड डाव्या वाटेच्या मध्ये टाकला असता, शिवांजलीच्या मनात आलं. हा तर कडेला आहे, सावलीत. आणि घात करायला आलेला माणूस चिपा कशाला सारत बसेल?

तो टाकलेला नव्हता. कुणीतरी तो नीट बसवला होता.

३

डोंगराच्या पायथ्याला शंकरप्पांचं रान. बेडकांचा धुरळा ज्वारीवर बसतो म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीत दोनदा भांडण काढलं होतं. गावात काहींच्या तोंडी त्यांचंच नाव होतं, हे त्यांनाही ठाऊक असावं.

"ये पोरी. चौकशीला आलीस व्हय?" ते बांधावर बसून शेळ्यांकडं बघत होते. "लिहून घे, धुरळ्याचा राग हाय मला. लई राग हाय. तुमचे बेडूक आले की माझ्या शेळ्या दूध चोरत्यात."

"अप्पा, मी तुमच्यावर आळ घ्यायला नाही आले."

"घेतला तरी काय? म्या दगड कशाला हलवू? त्या खाणीच्या कडंला माझ्याच शेळ्या चरत्यात. उद्या बेडूक त्यांच्या अंगावर पडला म्हंजी?"

हे तिला पटलं. खाणीकडं गाड्या जाव्यात असं वाटणारा या डोंगरात शेवटचा माणूस शंकरप्पा.

"सोमवारपर्यंत दगड जागेवर होता. मंगळवारी वर कुणी दिसलं?"

अप्पांनी शिवूच्या हातात हुरड्याचं कणीस दिलं. मग नाइलाज असल्यासारखं बोलले. "बसवेश दिसला. सकाळच्या पारी, एकटाच. पाठीला पिशवी. म्या हाक मारली तर हात केला अन् गेला वर."

शिवांजली जायला वळली.

"अजून एक गंमत सांगतो, तुझ्या कामाची न्हाय," अप्पा म्हणाले. "त्याच सांजंला माझी कबरी शेळी झेंडूचं फूल चघळत खाली आली. या डोंगरात कुसळ सोडून काय उगवत न्हाय. झेंडू कुठला खाल्ला गं तिनं?"

४

बसवेशचं गॅरेज हमरस्त्याला. तो एका टमटमच्या खाली झोपलेला होता, फक्त पाय दिसत होते.

"भावजी, मंगळवारी डोंगरावर गेला होता?"

पाय हलले नाहीत. "कोण सांगितलं? अप्पांनी?" मग तो घसरत बाहेर आला. "व्हय, गेलो होतो. त्यात काय?"

"कशाला?"

"सोमवारपासून एसटी. डेपो कुठला मिळतोय देव जाणे. म्हणलं, आपण पाडलेली वाट एकदा पायी बघून यावी." त्यानं हात पुसायला घेतलेलं फडकं उगाच पिळलं. "सोबतीला येणारा बोलत न्हाय. मग एकटाच गेलो."

"दगड कुठं होता तेव्हा?"

"जाग्यावर. खाणीच्या वाटेवर. त्याच्यावरच बसून वडापाव खाल्ला की. वहिनी, हे असं का विचारायलाव?"

तिनं सांगितलं. बसवेशचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"त्यानं माझं नाव घेतलं? उत्क्यानं?"

"अजून दिलं नाही. दगडाला ऑइल लागलंय म्हणतात."

"मग मीच असणार. ऑइल दुसऱ्या कुणाकडं असतंय का जगात!" त्यानं पान्हा फेकला. आवाजानं शिवू दचकली आणि रडवेली झाली. तो लगेच ओशाळला. "तसं न्हाय बाळा. हे घे, बिस्कीट घे."

"थांब, हात घाण आहेत," शिवांजली म्हणाली. तिनं शिवूचा तळहात धरला आणि ओढणीचं टोक ओलं केलं. हात तोंडाजवळ आला आणि ती थबकली.

गॅरेजभर जळक्या ऑइलचा वास कोंदलेला होता. फडक्याला तो होता, बसवेशच्या शर्टाला होता, भिंतींनाही होता. शिवूच्या तळहाताला मात्र वेगळाच वास होता, गोडसर, जरासा कडवट. रंगावरची धूळ त्यात मिसळून काळी झालेली, इतकंच.

तिनं डोळे मिटून पुन्हा वास घेतला. बाळंतिणीची काळोखी खोली, शेगडीची ऊब आणि कुणाच्या तरी मांडीवर पालथी पडलेली इवलीशी शिवू.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या दुपारी डोंगरावर या. दगड कुणी हलवला ते मला कळलं."

५

पण शेजारच्या दारापर्यंत पोचल्यावर ती थांबली. बसवेशला सोडवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी त्या व्यापाऱ्यापुढं उभं करावं लागणार होतं.

धुरपदाबाईंच्या अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यांत झेंडू फुलला होता. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. शिवू पळत जाऊन त्यांच्या मांडीत शिरली.

"मावशी, शिवूला न्हाऊ घालताना कुठलं तेल लावायचात हो?"

"करडीचं. आपल्या रानच्या करडीचं, घाण्यावरून आणलेलं. का गं?"

"डोंगरावरच्या दगडालाही तेच लावलंत?"

धुरपदाबाई लाजल्यासारख्या हसल्या. "कळलं व्हय तुला? दगड न्हाय म्हनू माय, देव हाय. मंगळवारी सरपनाला गेले. बगते तर काय, वाटंच्या मदोमद देव! शेंदूर ल्यालेला, वर छप्पर न्हाय, सावली न्हाय. अन् त्याच्या डोसक्यावर बसून त्यो बसवेश पाव खायलाय! पायात बूट! म्या झाडामागंच थांबले. म्हनलं, ह्याच्यासंगं कोण तोंड लावावं. त्यो गेल्यावर उचलला अन् हिवराखाली बसविला. तेल लावलं, गूळ ठिवला, झेंडू वाहिला."

झेंडू शेळीनं खाल्ला, गुळाला मुंग्या लागल्या. तेल तेवढं राहिलं. शिवांजलीच्या डोक्यात एकेक चीप आपल्या जागी जाऊन बसली. आणि आज सकाळचं बोलणं. वर राखणदार बसलाय आता. मंगळवारच्या आधी तिथं राखणदार नव्हताच.

"एवढा जड दगड, एकट्यानं?"

"मग काय तुझ्या नवऱ्याला बोलवू? जलमभर मोळ्या वाहिल्या म्या." त्यांनी शिवूच्या केसांतून हात फिरवला. "देवाला सांगितलं, ही पोरं बेडकावर बसून उड्या मारत्यात, त्यांची राखण कर. अन् दुसऱ्याच दिशी ते लेकरू खाणीत पडलं तरी वाचलं! बगितलंस?"

शिवांजलीनं सुपातले तांदूळ उगाच चाळवले. सांगावं की नाही? न सांगता कसं चालेल? तिनं शिवूला झेंडूची फुलं मोजायला पाठवलं आणि मावशींचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं, जितकं हळू सांगता आलं तितकं. केशरी रंग ट्रॅक्टरचा. दगड म्हणजे बंद वाटेची खूण. तो हलला म्हणून मुलगा चुकला.

तांदळातला एक खडा धुरपदाबाईंनी उचलला आणि चिमटीत तसाच धरून ठेवला.

"म्हंजी म्याच पाडलं त्याला?"

"मावशी, तुमचं नाव मी सांगणार नाही. मी म्हणेन…"

"अन् बसवेशचं जाऊ देशील?" त्यांनी डोळे पुसले. "न्हाय माय. केलंय म्या. उद्या मला वर ने. त्या लेकराच्या बापाला म्याच सांगते."

६

पंचाक्षरी उत्कर्षच्या मागं बेडकावर बसून आले. पांढराशुभ्र सदरा, पायात चकचकीत बूट, आणि दोन्ही हातांनी उत्कर्षची कंबर अशी आवळलेली की उतरल्यावरही सोडायला वेळ लागला. धुरपदाबाई शिवांजलीच्या मागं बसून आल्या, एकदाही न ओरडता. बसवेश पायी आला आणि उत्कर्षपासून लांब उभा राहिला. शंकरप्पा शेळ्यांच्या निमित्तानं तिथंच होते.

शिवांजलीनं एकेक गोष्ट दाखवली. फरफट नाही. खाली चिपा आहेत. मुंग्या गुळाला आल्यात. "आणि हा वास घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. उत्कर्षनं दगडावर बोट फिरवून नाकाशी नेलं. मग त्यानं बसवेशकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"घात करणाऱ्यानं हे केलं नाही," ती म्हणाली. "ज्याला हा दगड दगड वाटला, त्यानं हे केलंच नाही."

"म्या केलं," धुरपदाबाई पुढं आल्या. बसवेशचा वडापावही त्यांनी सोडला नाही. शंकरप्पा मधेच म्हणाले, "म्हंजी माझ्या कबरीनं परसाद खाल्ला की!" पण कुणी हसलं नाही. सगळे पंचाक्षरींकडं बघत होते.

"आमचा देव आमच्या गळ्यात असतो, आई," पंचाक्षरी म्हणाले. सदऱ्याआडच्या चांदीच्या लिंगावर त्यांचा हात गेला होता. "त्यो वाटेत सापडत न्हाय, अन् त्याला कुणी हलवत न्हाय."

"व्हय बाबा. तुमचं बराबर हाय. काय शिक्षा द्यायची ती द्या. पोरगं तेवढं बरं हाय न्हवं?"

ते खाणीच्या कडेला गेले. एका अंगाला सुळ्यांसारखे खडक होते. त्याच्या शेजारी मऊ मुरमाचा ढीग, त्यात बेडकाच्या पडण्याची खोल खूण. खडकात आणि खुणेत एखादा माणूस आडवा मावेल एवढंच अंतर. त्यांनी ते अंतर नजरेनं पुन्हा मोजलं.

परत आले तेव्हा आवाज बदललेला होता. "माझ्या पोराला तुम्ही ओळखत पण न्हाय. त्याच्यासाठी काय मागितलंत म्हणालात?"

"राखण कर म्हनलं. सगळ्याच पोरांची."

पंचाक्षरींनी बूट काढले. हिवराखाली जाऊन क्षणभर उभे राहिले. मग उत्कर्षकडं वळले. "नाव मागितलं होतं, मिळालं. तक्रार कुणाच्या नावानं लिहू, या माउलीच्या? पण तुम्हाला सोडत न्हाय मी. तुम्ही पुढं असायला पायजे होतं. वाट दाखवणारा मागं राहतो व्हय?"

"चुकलं माझं," उत्कर्ष म्हणाला. "इथून पुढं मी पुढं. कुणी रुतलं तर सगळे थांबतील."

"अन् ही खाणीची वाट अशी बंद करा, की आंधळ्यालाबी कळली पायजे. खांदा जुळला की पोरगं परत यायचं म्हणतंय. आईला अजून सांगितलं न्हाय त्यानं."

आता मात्र शंकरप्पा मोठ्यानं हसले.

उत्कर्ष बसवेशजवळ गेला. त्याला काही बोलायचं होतं, ते जमेना. बसवेशनं शंकरप्पांचा कोयता उचलला.

"माझं नाव द्यायला निघाला होतास, उत्क्या. त्याचं उट्टं म्या सोमवारनंतर दर सुट्टीला येऊन काढणार हाय. आता बघत काय बसलास? काटी धर."

बोरीच्या काट्या तोडून दोघांनी खाणीच्या वाटेवर उंच कूड घातला. चुन्याची भली मोठी पांढरी फुली मारली. पांढरा रंग शिवांजलीनं मुद्दाम सांगितला होता; आता बंद वाटेची खूण हीच, आणि तिला कुणी शेंदूर समजणार नाही. केशरी दगडाला कुणी हात लावला नाही. तो हिवराखालीच राहिला, आणि धुरपदाबाईंनी बसवेशला त्याच्यापुढं कान धरायला लावले.

उतरताना ऊन कलत होतं. शिवू आईच्या पुढ्यात ओढणीनं बांधलेली, झेंडूचं एक फूल मुठीत. दिवसभर तिचं का आणि कसं चाललं होतं. शेळीनं फूल का खाल्लं, काकांनी बूट का काढले. शिवांजलीनं सगळ्याचं उत्तर दिलं होतं. उतारावर तिनं अंग मागं टाकलं, अंगठा सैल केला.

"आई, बाबांनी रंगवला तेव्हा तो दगडच होता ना?"

"हो. दगडच होता."

"मग त्यात देव कधी आला?"